बाटली कुठे बुडवली?

‘पर्यावरणशास्त्र म्हणजे विषयांची भेळ. त्यापेक्षा आधी केमिस्ट्री घे, नाहीतर झूऑलॉजी घे, पाया पक्का कर. पर्यावरण काय, एम.एस्सी.ला बघता येईल.’ बारावीनंतर पर्यावरणशास्त्रात पदवी करायचे मनात असलेल्या जवळपास प्रत्येक मुलामुलीने हे ऐकलेले असते. सांगणारे बहुधा विज्ञान शाखेचेच ज्येष्ठ प्राध्यापक असतात, कधी करिअर मार्गदर्शक, कधी नात्यातले इंजिनीअर काका. त्यांचा हेतू चांगला असतो, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या चुकीच्या सल्ल्याला उलट उत्तर द्यायला आपल्याकडे सहसा कोणी धजत नाही. मी धजणार आहे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काढून मी आता हाच विषय शिकवते, म्हणजे माझे पोट यावरच चालते, हे आधीच सांगून टाकते. पण ज्याचे पोट त्यावर चालते त्याचे म्हणणे खोटेच असते असा काही नियम नाही. केमिस्ट्रीच्या प्राध्यापकांचे पोटही केमिस्ट्रीवरच चालते.

ही पदवी बऱ्याच ठिकाणी फार वाईट शिकवली जाते, हे मला मान्य आहे. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे. पण अभ्यासक्रम वाईट शिकवला जातो हे एक, आणि हा विषय पदवीला शिकण्याच्या लायकीचाच नाही हे दुसरे. टीकाकार पहिल्याचे पुरावे पुढे करतात आणि निकाल दुसऱ्याचा लावून मोकळे होतात.

आधी भेळेचा समाचार घेऊ. राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी विद्यापीठांत बी.एस्सी. ॲग्रीची मुले चार वर्षे काय शिकतात? माती, किडी, पिकांचे रोग, अनुवंशशास्त्र, हवामान, अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, जोडीला थोडे पशुसंवर्धन आणि थोडी अवजारे. या पदवीला कोणी भेळ म्हटलेले मी ऐकले नाही. उलट तिच्या प्रवेशासाठी गावोगावची मुले जिवाचे रान करतात. एमबीबीएसमध्ये शरीररचना, जीवरसायन, औषधे, सूक्ष्मजीव, मनोविकार, न्यायवैद्यक असे सगळे एकाच पदवीत कोंबलेले असते. तिथे कोणी म्हणत नाही की आधी तीन वर्षे नुसती बायोकेमिस्ट्री कर आणि मग रोग्याच्या खाटेजवळ ये. कारण तिथे कशाचा अभ्यास करायचा हे ठरलेले आहे: शेताचा, किंवा आजारी माणसाचा. त्याला जे जे ज्ञान लागते ते गोळा केले, आणि त्याची पदवी झाली. मग नदी, डोंगर, शहराची हवा, कचऱ्याचा डेपो हे तितकेच पक्के अभ्यासविषय का नाहीत? शेताला पदवी मिळते आणि शेताच्या बांधावरून वाहणाऱ्या नदीला मिळत नाही, याला शास्त्रीय आधार कोणता? मला तरी दिसत नाही. विद्यापीठातल्या विभागांची वाटणी जुनी आहे, एवढेच. ती इतकी जुनी झाली की निसर्गही तसाच वाटलेला आहे असे आपण धरून चाललो.

हे झाले शब्दाला शब्द. प्रत्यक्ष काम दाखवल्याशिवाय मुद्दा पटणार नाही.

नदीच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू किती, हे मोजायची विंकलरची पद्धत १८८८ पासूनची आहे आणि अजूनही विद्यार्थ्यांना आधी तीच शिकवतात. तीनशे मिलिलिटरची, काचेच्या बुचाची बीओडी बाटली घ्यायची. ती पाण्याखाली धरून अशी भरायची की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग पिपेटचे टोक पाण्यात बुडवून मँगनीज सल्फेट सोडायचे, त्यामागून अल्कली-आयोडाइड-अझाइड. बूच लावून बाटली चारसहा वेळा उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. शहराच्या खालच्या अंगाला, नाला जिथे नदीत पडतो तिथे हा पांढरा साका पहिल्यांदा पाहणाऱ्या पोराला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही; तो बाटली हातात धरून बघत राहतो. नंतर ॲसिड टाकले की आयोडीन सुटून पाणी पिवळे होते, प्रयोगशाळेत थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे, शेवटी थोडा स्टार्च, आणि निळा रंग गेला की रीडिंग घ्यायचे.

यातली रासायनिक क्रिया केमिस्ट्रीचा विद्यार्थी माझ्या विद्यार्थ्यापेक्षा चांगली लिहील. मान्य. पण बाटली कुठे बुडवली, आणि किती वाजता? मैलापाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेले शेवाळ अशा पाण्यात माजलेले असते. दिवसभर उन्हात ते प्राणवायू सोडत राहते. दुपारी दोन-तीनला भरलेली बाटली पाणी ठणठणीत असल्याचा निर्वाळा देते. कधीकधी आकडा संपृक्ततेच्याही वर जातो. रात्री तेच शेवाळ आणि तळाचे जिवाणू मिळून तो प्राणवायू संपवतात आणि पहाटे मासे तडफडून मरतात. सकाळी लोक काठावर जमतात, फोन होतात, साहेब येतात, नमुना घेईपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असते. अहवाल येतो: प्राणवायूचे प्रमाण समाधानकारक. टायट्रेशन बिनचूक, आकडा बिनचूक, आणि निष्कर्ष साफ खोटा. ही चूक रसायनशास्त्रात सापडणार नाही आणि वनस्पतिशास्त्रातही नाही. ती दोन्हींच्या मधल्या फटीत आहे, आणि त्या फटीत उभे राहून बघायचे शिक्षण आपल्याकडच्या विज्ञानाच्या बहुतेक पदव्या देत नाहीत.

‘हे तर आठवड्याच्या कार्यशाळेत शिकवता येईल,’ असे यावर उत्तर येते. एक फट असती तर आले असते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा प्रश्न फक्त पाण्यातल्या विषाणूचा नव्हता. मैलापाणी पिण्याच्या पाण्यात कुठे शिरले हे शोधायला शहराच्या नळांचा नकाशा लागतो, गटारांचा लागतो, दवाखान्यातल्या नोंदी लागतात. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले. कोणी त्याला चमत्कार म्हटले, कोणी अपशकुन. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हे खारटपणात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचे काम आहे. उन्हाने पाणी आटले, खारटपणा वाढला आणि त्यांचे फावले. टीकाकार इथे लगेच बोट ठेवतील: बघा, उत्तर शेवटी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनीच दिले ना? दिले. त्यांच्याशिवाय कोणाचेच चालणार नाही, आणि मला ते नकोत असे मी कुठे म्हटले? पण सरोवराची पातळी, पाऊस, बाष्पीभवन, क्षार आणि जीव यांचा हिशेब वर्षानुवर्षे एका वहीत ठेवणारा कोणी तिथे असता, तर रंग बदलल्यावर धावपळ करून नमुने काढायची वेळ आली असती का? तज्ज्ञ एका प्रश्नासाठी येतो आणि जातो. एकाच जागेकडे अनेक अंगांनी बघत राहायची सवय मात्र लावावी लागते, आणि ती विशीच्या आत लागली तर अंगवळणी पडते.

इथे ‘एम.एस्सी.ला बघू’ वाले हमखास माधव गाडगीळांचे नाव काढतात. फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र, मुंबईत प्राणिशास्त्र, मग हार्वर्ड. पर्यावरणशास्त्राच्या पदवीवाचून माणूस पश्चिम घाटाच्या अहवालापर्यंत पोचला की नाही? पोचला. पण १९६० च्या दशकात अशी पदवी घ्यायची म्हटली तर ती होती कुठे? आणि हार्वर्डला जाऊन गाडगीळांनी केले काय? प्राणिशास्त्राचे कुंपण ओलांडून गणिताच्या अंगाने परिसंस्थांचा अभ्यास केला. पुढे बंगलोरला पर्यावरणविज्ञानाचे केंद्र उभे केले, आणि २०११ चा अहवाल लिहिताना ग्रामसभेचा अधिकार मध्यभागी ठेवला, जो प्राणिशास्त्राच्या कुठल्याच पेपरात नाही. ज्या उदाहरणाने तुम्ही कुंपणाची बाजू मांडता, ते उदाहरण कुंपण ओलांडणाऱ्याचे आहे. शिवाय असामान्य बुद्धीचा माणूस वाट नसतानाही पोचतो, यावरून बाकीच्यांना वाट नको असा निष्कर्ष काढायचा, हा कुठला न्याय? केज किंवा देवरुखच्या मुलीला हार्वर्ड नाही, तालुक्याचे कॉलेज आहे.

उशिरा शिकल्याने नेमके काय बिघडते, ते कोकणातल्या सड्यावर दिसते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे मार्च-एप्रिलमध्ये पाहिले तर काळा तापलेला दगड, मधूनमधून करपलेले गवत, बाकी काही नाही. सरकारी कागदावर अशी जमीन सहज ‘पडीक’ होते. जूनचे पहिले पाऊस झाले की त्याच दगडात दीपकाडी फुलते. पुढे तेरडा, गेंद, आणि पाण्याने निथळणाऱ्या जागी सीतेची आसवे. ही इवलीशी निळी फुले कीटक खाऊन जगणाऱ्या वनस्पतीची आहेत. दगडातल्या डबक्यांत बेडकांची अंडी दिसतात. आंबोलीचा टोड अशाच जागी, पावसाच्या सुरुवातीला काही दिवसांत आपला संसार उरकतो. ऑक्टोबर सरता सरता पुन्हा दगड. कास पठार हे याच जातीचे, साताऱ्याच्या डोक्यावर आहे आणि २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, म्हणून त्याला तिकीट आहे. रत्नागिरीच्या सड्याला नाही.

आता याच सड्यावर खाण किंवा कारखाना यायचा आहे असे धरा. २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरणीय आघात मूल्यांकन करावे लागते आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे एका हंगामाची पायाभूत माहिती मागितली जाते, पावसाळा वगळून. पावसाळा का वगळायचा? हवेच्या माणसाला विचारा, तो चोख उत्तर देईल: पावसात धूळ बसते, हवेचे आकडे खोटेच चांगले येतात, तेव्हा कोरड्या हंगामात मोजणेच प्रामाणिक. त्याचे शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून पथक मार्च ते मे सड्यावर जाते. हवेचे पंप लागतात, आवाज मोजला जातो, विहिरींचे पाणी बाटल्यांत भरले जाते, आणि त्याच फेरीत वनस्पतींची यादीही होते. वनस्पतितज्ज्ञ जे दिसले ते लिहितो: करवंद, घाणेरी, थोडे गवत, दुर्मीळ प्रजाती आढळली नाही. तोही खोटे बोलत नाही. त्याला त्या महिन्यात खरेच काही आढळले नाही. अशा अहवालात बारा कार्यक्षेत्रे असतात, ज्याचा त्याचा तज्ज्ञ आपापल्या प्रकरणाचा धनी. प्रत्येकाचे बरोबर, आणि सगळ्यांचे मिळून सडा कागदावरून पुसलेला. कधी मूल्यांकन समितीतला एखादा जाणकार पावसाळ्यातली पाहणी मागतो. नेहमी तो तिथे असतोच असे नाही.

माझा टीकाकारांना साधा प्रश्न आहे. हवेचा नियम फुलाला लावला गेलाय, हे बारा जणांपैकी कोणाच्या लक्षात यायला हवे होते? ज्याने तीन वर्षे नुसते रसायन केले त्याच्या? की ज्याने नुसते वर्गीकरण केले त्याच्या? दोघांनाही दुसऱ्याच्या प्रकरणात नाक खुपसायचे नाही असेच शिकवलेले असते, आणि एम.एस्सी.च्या दोन वर्षांत ती शिस्त मोडत नाही. निम्मा वेळ एकमेकांची परिभाषा समजून घेण्यात जातो: प्राणिशास्त्राकडून आलेल्यांना मोलर द्रावण पुन्हा शिकवा, रसायनाकडून आलेल्यांना परिसंस्था पहिल्यापासून शिकवा. उरलेल्या निम्म्यात प्रबंध. पाया पक्का करून या म्हणणाऱ्यांनी कधी त्या वर्गात उभे राहून बघावे.

दुसरा हल्ला अगदी उलट बाजूने येतो, आणि तो मला जास्त लागतो, कारण करणारी माणसे आपलीच असतात. चळवळीतले मित्र म्हणतात: तुमचे पदवीधर शेवटी कन्सल्टन्सीतच जातात आणि कंपन्यांना ‘सब ठीक’चे अहवाल लिहून देतात, प्रदूषणाला शास्त्राचा शिक्का मारणारे कारकून तुम्ही तयार करता. यात तथ्य आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे आले होते. स्प्रूस आणि बर्चची जंगले कोकणात उगवली होती. मूल्यांकन करणाऱ्याला पैसे कोण देतो? ज्याचा प्रकल्प तोच. सल्लागार निवडतोही तोच. ही व्यवस्थाच वाकडी आहे, आणि ती सरळ होईपर्यंत कुठल्याही पदवीचा माणूस तिथे वाकणार. केमिस्ट्रीवाला वाकणार नाही, असे का वाटते?

पण ते रशियन उतारे पकडले कसे गेले, तेही बघा. कोणीतरी अहवाल पानोपान वाचला म्हणून. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली, ती आसपासची राखीव वने आणि संवेदनशील क्षेत्रे अर्जात दाखवलेलीच नव्हती, हे कोणीतरी कागद आणि नकाशा शेजारी ठेवून दाखवले म्हणून. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटी वाढवून स्थगिती उठली आणि आज तिथून विमाने उडतात, हेही खरे. पण त्या अटी फुकट मिळाल्या नाहीत. आपल्याकडच्या जनसुनावणीत गावाला मराठीत मिळतो तो फक्त सारांश. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि सगळी मेख परिशिष्टांत: नमुना कुठल्या विहिरीतून घेतला, वाऱ्याची दिशा कुठल्या महिन्याची, प्रजातींची यादी कोणत्या आठवड्यातली. मांडवात घोषणा देणारे शंभर असतात, त्यांच्याबद्दल आदरच आहे. त्यांच्यात परिशिष्ट उघडून ‘साहेब, तुम्ही आमच्या वाडीची विहीर मे महिन्यात मोजली, तेव्हा ती कोरडी असते; मग हे पाणी कुठले?’ असे विचारणारी एक मुलगी असली, तर सुनावणीचे इतिवृत्त बदलते. ती मुलगी घडवायची असेल तर चळवळीने या पदवीला नाके मुरडणे थांबवावे.

राहिला नोकरीचा मुद्दा. त्यावर मी हिरव्या नोकऱ्यांची गुलाबी गाणी गाणार नाही. ही पदवी घेतल्यावर पगाराच्या राशी पडत नाहीत. पहिली नोकरी बहुधा प्रयोगशाळेत नमुने तपासण्याची, किंवा एमआयडीसीतल्या कारखान्यात ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण, प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटची कागदपत्रे, घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण आणि सप्टेंबरअखेर भरायचा फॉर्म पाच सांभाळण्याची असते. काम कंटाळवाणे असते आणि फार महत्त्वाचे असते. अलीकडे शेअर बाजारातल्या आघाडीच्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल देणे सेबीने सक्तीचे केले आहे, तिथेही आकडे गोळा करणारी माणसे लागतात. पण तिथल्या खुर्च्यांवर आज बहुतेक एमबीए आणि सीए बसतात.

मात्र ‘नोकरी नाही म्हणून पदवी फालतू’ हे उलटे तर्कशास्त्र आहे. बी.एस्सी. ॲग्रीला मान आहे तो तिच्यातल्या अर्थशास्त्रामुळे की कीटकशास्त्रामुळे? त्या पदवीसाठी सरकारने कृषी सहायकापासून वरपर्यंत पदे राखली, लोकसेवा आयोगाची वेगळी कृषी सेवा परीक्षा ठेवली, म्हणून आहे. आता भारतीय वनसेवेची पात्रता बघा. पशुवैद्यक, वनस्पतिशास्त्र, रसायन, भूशास्त्र, गणित, भौतिक, संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र यांपैकी एक विषय असलेला पदवीधर चालतो. शेती, वनविद्या किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर चालतो. कॉम्प्युटर इंजिनीअर जंगलाचा अधिकारी होऊ शकतो. यादीत पर्यावरणशास्त्र नाही. पदवीत जोडविषय म्हणून रसायन किंवा वनस्पतिशास्त्र घेतलेले असेल तरच वाट मिळते. इंजिनीअर चांगले वनाधिकारी होतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याने तीन वर्षे परिसंस्थाच शिकल्या त्याला दारावर थांबवायचे आणि मग म्हणायचे, बघा, या पदवीला कोणी विचारत नाही!

असेच महापालिकांचे. राज्याच्या कायद्याप्रमाणे दरवर्षी ३१ जुलैच्या आत आयुक्तांनी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. एका शहराचे लागोपाठचे दोन अहवाल शेजारी ठेवून वाचा. परिच्छेदच्या परिच्छेद तेच. फोटो बदललेले, आणि कधी तेही नाही. अनेक ठिकाणी हे काम बाहेरच्या सल्लागाराला दिलेले असते आणि पर्यावरण विभाग एखाद्या अभियंत्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून असतो, ज्याच्या डोक्यावर आधीच रस्ते आणि ड्रेनेज असते. प्रदूषण नियंत्रण मंडळांतली रिक्त पदे भरा म्हणून सर्वोच्च न्यायालय आणि हरित लवाद वारंवार खडसावतात. काम आहे, कायदा आहे, टेबल आहे. खुर्चीवर कोण बसायला लायक, हे लिहिणाऱ्याने आमच्या विषयाचे नाव लिहिलेले नाही, इतकेच.

आता घरचा आहेर. पदवीची बदनामी बाहेरच्यांनी केली त्यापेक्षा आम्ही जास्त केली. सुरुवात चांगल्या हेतूने झाली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करायला सांगितले. बारा-तेरा वर्षे ते कागदावर घोटाळत राहिले आणि न्यायालयाने पुन्हा दटावल्यावर सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना सहा महिन्यांचा पेपर आला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचांनी लिहिले, जे पेशाने सर्जन; आणि पुस्तक बरे होते. पण शिकवायचे कोणी? ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याने. कॉमर्सच्या वर्गात बुककीपिंगचे सर ओझोनचा थर शिकवू लागले. प्रकल्प म्हणजे नेटवरून काढलेली चित्रे, स्पायरल बाइंडिंग, मागच्या वर्षीच्या मित्राची फाइल. ज्यात नापास होणे अवघड असा पेपर प्रत्येकाने एकदा दिला, अकरावी-बारावीलाही तसलाच एक विषय दिला, आणि ‘पर्यावरण’ म्हणजे हेच अशी खूणगाठ पिढीच्या पिढीने बांधली. त्याची तीन वर्षांची पदवी म्हटल्यावर घरचे हसणारच.

आणि पदवीच्या वर्गात तरी निराळे काय चालते? पहिल्या वर्षी जागतिक तापमानवाढीवर निबंध, दुसऱ्या वर्षी त्याच निबंधाला आलेख. संख्याशास्त्राचा पेपर असतो, पण वर्गाने स्वतः गोळा केलेले आकडे त्यात कधी जात नाहीत. क्षेत्रभेट म्हणजे हिवाळ्यातली बस, सांडपाणी प्रकल्पाच्या गेटवर ग्रुप फोटो आणि संध्याकाळी मिसळ. पावसाळ्यात मुलांना बाहेर न्यायला प्राचार्य घाबरतात, जळवा, निसरडे, पालकांचे फोन. पाच जूनला झाडे लावायची, बहुतेकदा गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत. अशा कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलाला बीओडी बाटलीतला बुडबुडा दिसत नाही, आणि मग केमिस्ट्रीचे सर विजयी मुद्रेने म्हणतात, मी सांगत नव्हतो?

त्यांना माझे उत्तर असे की तुमच्याकडचा वाईट वर्गही मी पाहिला आहे. मुदत संपलेली रसायने, दहा मुलांत एक ब्युरेट, आणि रीडिंग आधी ठरवून मागे केलेली गणिते. तरी तुमच्या विषयावर कोणी शंका घेत नाही. म्हणतात, कॉलेज बेकार आहे. एवढाच न्याय आम्हालाही लावा.

म्हणून ज्या घरात या आठवड्यात हा वाद चालू असेल, त्यांना विषयाबद्दल नव्हे, कॉलेजबद्दल चौकशी करायला सांगेन. विभागात जा आणि प्रॉस्पेक्टस बाजूला ठेवून तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा. विचारा, गेल्या पावसाळ्यात नमुने घ्यायला कुठे गेला होतात? एकाच ओढ्यावर सगळ्या ऋतूंत गेला होतात का? आकडे जुळले नाहीत तेव्हा काय केले? आघात मूल्यांकनाचा एक तरी खरा अहवाल परिशिष्टांसकट वाचायला लावला का? रसायन आणि संख्याशास्त्र कोण शिकवते, त्या त्या विषयाचा माणूस की ज्याचा तास रिकामा आहे तो? पोरगे चिखलाच्या, जळवांच्या, चुकलेल्या टायट्रेशनच्या गोष्टी सांगायला लागले, तर तिथेच फी भरा आणि काकांना मी उत्तर देईन. ‘सर सांगतील’ असे म्हणून ते स्टाफरूमकडे बोट दाखवायला लागले, तर फॉर्म परत घ्या आणि खुशाल केमिस्ट्रीला जा.